मिसरीचा तवा आणि अंड्याची गोळी

"दात चांगले आहेत हो, खालचं हाडच झिजलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे हिरडी सडून दाताचं हाड खंगणं. माझे खालचे चार दात हलत होते. तोंडाचा वासही त्याचाच.

मला रडू नाही, संताप आला. हिरडीतून रक्त येऊ लागलं तेव्हा सासूबाईंनी तव्यावर भाजलेली मिसरी हातावर ठेवली होती. तंबाखूच ती. रक्त थांबलं, मी खूश! तंबाखूनं रक्त दबतं आणि रोग आत पसरतो, हे आता कळलं. तोवर वासापायी आमचे हे भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले होते. देवळाची पूजा आमच्या घरात पिढीजात. आरतीलाही मला दाराबाहेर उभं करायचे.

सोलापूरच्या दवाखान्यात स्केलिंग झालं. म्हणजे हिरडी बधिर करून दातांची मुळं खरवडली. एक दात तिथंच निघाला. सोबत अँटीबॉडीची चघळायची गोळी मिळाली. अँटीबॉडी म्हणजे रोगजंतूला जखडणारं प्रथिन.

"कोंबडीला त्या जंतूची लस देतात, मग हे प्रथिन अंड्याच्या बलकात उतरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ही नुसती जोड. खरा उपचार साफसफाईचाच."

घरी मी खरं ते सांगितलं. झालं!

"देवाच्या घरात अंडं आणलंस व्हय?" ह्यांनी गोळ्यांची डबी भिंतीवर आपटली आणि माझ्या थोबाडीत मारली. हिरडी ताजी खरवडलेली. तोंड रक्तानं भरलं. मी मिसरीचा तवा उचलला. तो ह्यांच्या डोक्यात घालणार होते, खोटं कशाला बोलू?

सासूबाई मधे घुसल्या. "मिसरी म्या दिली तिला. मार की मला! पुन्यांदा हात उचललास तर तोडीन."

मग त्या खाली बसल्या. विखुरलेल्या गोळ्यांतली एक पदरानं पुसून माझ्या हातावर ठेवली. "खा. पाप लागलं तर मला लागंल."

बायांनो, रक्त आलं की मिसरी लावू नका, दवाखाना गाठा. माझे तीन दात वाचले. सासूबाईंनी तवा भंगारात घातला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

वास गेला. आता हे माझ्याकडे तोंड करून झोपतात. मी भिंतीकडे.