रिकाम्या गावातली नोंद

अर्ज विषाच्या कपाटात होता. कपाट दवाखान्यात होतं. आणि दवाखाना ज्या गावात होता, त्या आचऱ्यात त्या दिवशी एकही माणूस नव्हता.

गावपळण चालू होती. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन आमचं अख्खं गाव घरं सोडून शिवेबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर न्यायची. तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या खोपींत राहायचं. चौथ्या दिवशी मानकरी देवाला परत यायचं विचारतात. होकार मिळाला तर परतायचं, नाहीतर थांबायचं. हे साठ सालच्या आसपासचं सांगतोय.

मी तेव्हा आचऱ्यात डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर चिठ्ठी लिहिणार, मी खलात औषध घोटून मिक्स्चर करून देणार. दोन वर्षं केलं, मग फार्मसीच्या डिप्लोमाला जायचं डोक्यात बसलं. मुंबईच्या संस्थेचा छापील अर्ज मागवला. एकच प्रत, त्यावर माझा फोटो, सोबत मॅट्रिकचं मूळ सर्टिफिकेट आणि डॉक्टरांच्या सहीचा अनुभवाचा दाखला. पुढच्या वर्षापासून मॅट्रिकला सायन्स असल्याशिवाय घेणार नव्हते. माझं सायन्स नव्हतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

विषाचं कपाट म्हणजे अफूचा अर्क, कुचल्याचा अर्क असली औषधं ठेवायचं छोटं कुलूपबंद कपाट. त्याच्या आणि दवाखान्याच्या दाराच्या किल्ल्यांचे दोन संच, एक डॉक्टरांकडे, एक माझ्या कमरेला. उंदीर नाही, वाळवी नाही, म्हणून अर्ज तिथे ठेवला. तीन दिवसांनी परत येऊ, चौथ्या दिवशी टपालात टाकू, असा माझा हिशोब. देवाला मी धरलंच नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी आले आणि म्हणाले, कौल झाला नाही, अजून एक दिवस बाहेर. आणि मालवणहून मुंबईला वेळेत पोचेल असं शेवटचं टपाल त्याच संध्याकाळी निघणार होतं. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

दुपारी जेवून सगळे कलंडले तसा मी उठलो. आई जागी होती.

"खंय चललंस रे बाबल?"

"मालवणाक. अर्ज टाकूचो आसा."

"अर्ज खंय आसा?"

मी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. तिला कळलं.

"मेल्या, कौल जाल्याशिवाय शीव ओलांडू नये. गाव आता तेंका दिलेलो आसा."

"तेंका म्हणजे कोणाक?"

"जेंचो आसा तेंका. खड्ड्यात पडांदे तो अर्ज."

"आये, अर्ज नाय गेलो तर माका जल्मभर बाटल्यो धुवच्यो लागतल्यो."

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मागे बघू नको. आणि कोणी हाक मारल्यान तर ओ देऊ नको."

शीव ओलांडली आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की कावळा ओरडत नाही. माणसं नाहीत तर खरकटं नाही, खरकटं नाही तर कावळे कशाला येतील? हे मला आज सुचतं. तेव्हा फक्त पाचावर धारण बसली. भर दुपारी ओळखीच्या घरांची दारं बंद. विहिरीवर दोर नाही. एका अंगणात दोरीवर विसरलेलं लुगडं होतं, ते वारा नसताना हलत होतं. माझ्याच चपलांचा आवाज मला नको झाला, म्हणून त्या काढून हातात घेतल्या.

दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला. घस्स, घस्स, मग टक्. परत घस्स, घस्स, टक्.

खलात औषध घोटताना बत्ता काठावर आपटतो, तो आवाज. दोन वर्षं रोज मीच काढत होतो. चूक व्हायची सोयच नव्हती. दाराला कुलूप होतं. मी हात लावला आणि आवाज थांबला.

पळून जावं असं फार वाटलं. पण आत माझं मॅट्रिक होतं. दार उघडलं. खल फळीवर उपडा, कोरडा ठणठणीत. विषाचं कपाट बंद, पण त्याचं रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं. कपाट उघडलं की तारीख, वेळ, औषध, कारण लिहून सही करायची असा नियम असतो. मी वाचलं. कालची तारीख, दुपारी एक, अफूचा अर्क, कारण: 'रुग्णास असह्य वेदना'. खाली डॉक्टरांची सही.

जीव भांड्यात पडला. खोपींत एक म्हातारे दर्यावर्दी पोटातल्या गाठीने दोन दिवस विव्हळत होते, ते काल संध्याकाळपासून शांत झोपले होते. डॉक्टर कोणाला न सांगता येऊन गेले होते तर!

मी अर्ज काढला. आणि सवयीने टाक उचलला. तारीख, वेळ लिहिली. 'कारण' या रकान्यापाशी हात अडला. डॉक्टरांच्या ओळीखाली मी लिहिलं, 'स्वतःचा अर्ज'. लिहिताना लाज वाटली. पण खोटं लिहायला त्याहून धीर लागतो.

शिवेबाहेरून तीनची एसटी धरली. अर्ज टपालात पडला.

दुसऱ्या दिवशी कौल झाला, गाव परतलं. डॉक्टरांनी मला बोलावलं. समोर रजिस्टर उघडं. चोराच्या मनात चांदणं.

"हे लिहिलंस कशाला? मला कळलंही नसतं."

"तुम्ही लिहिलं होतंत."

डॉक्टर घाटावरचे, भुताखेतांना हसणारे. ते हसले नाहीत. "म्हणजे तू काल आलास. परवा नाही?"

"परवा दिवसभर आईजवळ होतो."

"मग परवा मी दाराबाहेर उभा असताना आत खल कोण घोटत होतं? मला वाटलं तूच. दोनदा हाक मारली. मी कुलूप उघडेपर्यंत आवाज थांबला."

मी काल ऐकलं ते सांगितलं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

मला प्रवेश मिळाला. पुढे छत्तीस वर्षं मी स्वतःच्या दुकानात विषाचं रजिस्टर लिहिलं, एक नोंद चुकवली नाही. आमच्या धंद्यात जे घडलं ते लिहायचं, एवढंच शिकायचं असतं. पण रजिस्टरला रकाने ठरलेले असतात, ऐकू आलेल्याला त्यात जागा नाही. त्यामुळे तेवढी गोष्ट आम्हा दोघांकडेच राहिली. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली. आता तो आवाज ऐकलेला मी एकटाच आहे.