आषाढात फुटलेला कापूस

वर्ध्याच्या कॉलेजात वर्षभर मला सगळे 'मुका' म्हणत. हे नाव मला माझ्या खोलीतल्या सोबत्यानं मिळवून दिलं होतं.

मी वडनेरच्या शेतकऱ्याचा मुलगा, तो नागपूरच्या वकिलाचा. वसतिगृहात आमच्या खाटा समोरासमोर होत्या. पहिल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेला दोघांनीही नाव दिलं. विषय होता 'खेडे की शहर'. मी रोज सकाळी खोलीतच येरझारा घालत मोठ्यानं भाषण म्हणायचो. तो चादर ओढून पडलेला असायचा. मला वाटे, झोपलाय.

स्पर्धेत त्याचं नाव माझ्या आधी पुकारलं. तो उभा राहिला आणि माझंच भाषण बोलू लागला. तीच सुरुवात, तीच आजोबांच्या रुसक्या बैलाची गोष्ट. फक्त बैल त्यानं मामाचा केला. लोक हसले, टाळ्या पडल्या. लगेच माझं नाव आलं. मी वर गेलो तेव्हा बोलायला काही उरलंच नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "बोला, घाबरू नका." मी नमस्कार करून खाली उतरलो. मागून कोणीतरी ओरडलं, "मुका!"

खोलीवर आल्यावर मी त्याला विचारलं, "माहं भाषण काऊन चोरलं तू?"

बक्षिसाचा पेला धोतराच्या सोग्यानं पुसत तो म्हणाला, "चोरलं कुठं? कानावर पडलं. हवा काय तुझ्या बापाची आहे?"

हात शिवशिवले, पण मी मारलं नाही. मारलं असतं तर मला वसतिगृहातून काढलं असतं आणि तो मात्र कॉलेजातला उत्तम वक्ताच राहिला असता. मला त्याचं ते वक्तेपणच काढून घ्यायचं होतं.

वर्षभर मी जिथे सभा असेल तिथे जाऊन बसलो. वक्त्यांपेक्षा ऐकणाऱ्यांकडे जास्त पाहिलं. छताकडे बघून बोलणाऱ्याला लोक सोडून देतात. जड शब्द आला की बाया पदराशी चाळा करू लागतात. वक्ता मध्येच थांबला, की पेंगणारासुद्धा मान वर करतो. हे सगळं मी रेल्वे लायनीपलीकडच्या शेतात जाऊन एकट्यानं गिरवलं.

दुसऱ्या वर्षी हिंगणघाटला स्पर्धा निघाली. विषय, 'शेतकऱ्याचे जीवन'. ती जागा कापसाच्या बाजाराला लागून होती, आणि दिवस ऐन हंगामाचे. ऐकायला कोण येणार ते मला ठाऊक होतं.

मी पुन्हा खोलीत येरझारा घालू लागलो. समोर पुन्हा चादर ओढलेली. या वेळी भाषण मी खास त्या चादरीसाठी रचलं होतं. भाषा मोठी गोड, फुलांनी मढवलेली. तो गोड शब्दांवर भाळायचा, हे मला माहीत होतं.

चिठ्ठ्या टाकल्या, त्याचा नंबर आधी आला. माझा आला असता तरी बिघडत नव्हतं; मी बोलणार होतो ते वेगळंच होतं.

बाजारातले शेतकरी मागच्या सतरंज्यांवर दाटून बसले होते. त्यानं हात पसरला. "वाऱ्यावर डोलणाऱ्या त्या ज्वारीच्या शेंगा पाहून बळीराजाचे मन हरखते!"

मागे खसखस पिकली. ती दाद समजून त्यानं आवाज चढवला. "आषाढात कापूस फुटतो, शिवार पांढरेशुभ्र होते आणि वेचणाऱ्या बाया पऱ्हाटीच्या गार सावलीत बसून भाकरी खातात!"

एक म्हातारा उठून उभाच राहिला. "भाऊ, आषाढात आमी पेरून राह्यलो असतो. तुह्या वावरात तवाच फुटते? ते बी आमालेही देजो!"

"अन् पऱ्हाटीचं झाड कंबरेएवढं, त्याची सावली कुठची गा?" दुसरा ओरडला. सगळा मांडव हसला, परीक्षकही. त्याला पुढचं वाक्य आठवेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. तो घाम पुसत उतरला.

मग मी गेलो. आधी नुसता उभा राहिलो, हसणं ओसरू दिलं. उठलेला म्हातारा खाली बसेपर्यंत थांबलो. मग त्याच्याकडे पाहून माझ्या आईबद्दल सांगितलं. वेचणी करताना बोंडाच्या टोकांनी तिची बोटं कशी फाटतात आणि त्या हातांनी मीठ-तिखट कालवताना ती कशी ओठ आवळते, ते. कोणी हललं नाही. पहिलं बक्षीस सेलूच्या एका मुलीला मिळालं, मला दुसरं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मोटार स्टँडवर तो माझ्यासमोर आला. "तू हे मुद्दाम केलंस."

"हो," मी म्हणालो. "तू ऐकून काऊन राह्यला होता?"

तो वळून मोटारीत चढला. आठवड्याभरात त्यानं खोली बदलली. पुढे कॉलेजात कुठल्याही व्यासपीठावर तो दिसला नाही. खूप वर्षांनी एका लग्नात भेटला, वकील झाला होता. हसत म्हणाला, "पोरपणाच्या गोष्टी रे. विसरून जाऊ." मी त्याच्या पानात जिलबी वाढायला सांगितली. विसरलो, असं काही म्हणालो नाही.