कट्ट्यावरचा फासा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज सकाळी एका झाडाखाली एक बाई बसायच्या. मांडीवर लॅपटॉप, हातात ल्युडोचा फासा. फासा टाकायच्या, आकडा बघून काहीतरी टाईप करायच्या. मला जुगाराचा भारी तिटकारा. एकदा न राहवून विचारलंच.

“जुगार नाही हो काका, नोकरी आहे,” त्या हसल्या. “कंपन्यांची माहिती क्लाउडवर असते, तिची मी राखण करते. सगळीकडे एकदम कडक पहारा ठेवता येत नाही. आज कुठे ठेवायचा ते मी ठरवलं, की माझी सवय दिसते. चोर तीच हेरतो. फाशाला सवय नसते. गेम थिअरीच आहे ही, डावपेचांचं गणित. कॉम्प्युटरही टाकतो फासे, पण मला हातातला आवडतो.”

“मग तुम्ही रोज याच झाडाखाली कशा?” मी खोचकपणे म्हटलं.

त्यांनी फासा मुठीत धरला. “बाबा चकरा मारतायत. हल्ली विसरतात. जागा बदलली, तर मी त्यांना सापडणार नाही.”

तेवढ्यात एक थकलेले गृहस्थ आले. कट्ट्यावरून फिरणारी त्यांची बावरलेली नजर झाडापाशी थांबली.

“आहेस ना?”

“इथेच आहे, बाबा.”

ते निश्चिंतपणे पुढच्या चकरेला लागले.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गर्दी होती. बाई येईपर्यंत मी ती जागा धरून बसलो.