आईच्या उंचीची गाडी
नव्या रबराचा वास आला की मला हिंगोलीतलं एक गॅरेज आठवतं. लग्नाआधीच्या हौसेनं मी माझी रोजची कार स्प्रिंगा बदलून जमिनीलगत खाली बसवून घेतली होती. दिसायची झोकात, पण कळमनुरीच्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाला तिचं पोट घासायचं. शेवटी वैतागून ती पुन्हा उंच करायची, असं ठरवूनच मी गॅरेजात गेलो. आई सोबत होती. तिला पुढं कुरुंद्याला मावशीकडं सोडायचं होतं. तापलेल्या टिनाखाली मिस्त्रीनं स्प्रिंगांचे दोन जोड मांडले: एक मूळ उंचीचा, दुसरा आहे त्याच उंचीचा, पण कडक स्प्रिंगांचा, सोबत नवे शॉकअप. मी पहिल्याकडं बोट दाखवलं, तशी गुडघ्यांनी बेजार झालेली आई खुर्चीवरून म्हणाली, "काहून उंच करून राहिला रे? जीपमधी मला दोघं धरून चढवतात, बोचकं चढवल्यावानी. ह्या एका गाडीत मी माझी माझी बसते." मी बोट मागं घेतलं. मिस्त्री म्हणाला, "मग दुसराच टाकू. घासणं कमी व्हईल, पर धक्के लागतील काकू." "लागू दे," आई म्हणाली. संध्याकाळी शिजत्या हळदीच्या वासातून आम्ही कुरुंद्यात शिरलो. मावशी हात द्यायला धावली, तोवर आई दार उघडून उतरलीसुद्धा होती. आता आई नाही, गाडीही विकली. पण अंगणात कुणाच्याही आधाराशिवाय उभी राहून पदर सावरणारी ती आई अजून डोळ्यांपुढून हलत नाही.