पखवाजाची महिनाभराची सुट्टी

कणीक भिजवली की त्या ओल्या वासाबरोबर माझा हात अजूनही एक लहानसा गोळा बाजूला काढतो. कराडला आमचे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी तो गोळा मागून न्यायचे, पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापायचे आणि मग मांडणीवरची भांडीसुद्धा थरथरायची. एका वर्षी ह्यांची खात्याची परीक्षा होती. अभ्यास होईना, तेव्हा एक दिवस चिडून ह्यांनी वडिलांपुढे हजार रुपये धरले, "आबा, हे घ्या, पण महिनाभर पखवाज बंद ठेवा." मला वाटलं, आता आबा घर डोक्यावर घेणार. पण त्यांनी नोटा मुकाट खिशात घातल्या. "बरं. म्हैनाभर न्हाई वाजवत." दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला पखवाजही दिसेनासा झाला. घर इतकं सुनं झालं की मलाच करमेना, आणि ह्यांचंही पुस्तकात लक्ष लागेना. परीक्षा संपली त्या संध्याकाळी आबा एसटीतून उतरले ते चादरीत गुंडाळलेला पखवाज खांद्यावर घेऊनच. मिरजेहून त्याला नवी पुडी, म्हणजे नवं चामडं, चढवून आणलं होतं. "जुनी फाटतच आल्याली गं," मला हळूच म्हणाले, "पैशाचाच घोर हुता. आन आता कणकीचा गोळा." हल्ली तो पखवाज निवृत्त झालेले हे बडवतात. परवा लॅपटॉपवर मिटिंगला बसलेला मुलगा वैतागून म्हणाला, "आई, बाबांना थोडे पैसे देऊन बघू का?" म्हटलं, "दे की. पुडी फाटतच आलीय."