ऐकीव आणि पाहिलेलं

आमच्या शिलाई कारखान्यात जेवणानंतरचा तास हातकामाचा. मशिनं बंद, बायका बटणं लावतात, धागे कापतात. त्या तासात मावशी पेपर वाचायची. बारा वर्षांपूर्वी सुई तिच्या बोटातून आरपार गेली, तेव्हापासून त्या बोटात बटण धरवत नाही. म्हणून बायकांनीच सोय लावली: तिच्या वाटची बटणं आम्ही लावू, तिनं वाचावं.

वाचायची तिची रीत होती. बातमीत कोणी डोळ्यांनी पाहणारा असेल तर आधी म्हणायची, ‘पाहिलेलं’. नसेल तर ‘ऐकीव’. निम्मा पेपर ऐकीवच निघायचा. कुणी मोबाइल पुढे केला की विचारायची, “हे कोणी पाहिलं? तुझ्या जावेच्या भावानं? मग बोलव त्याला, चहा पाजू.”

मी कापणीच्या टेबलावर. सातवीनंतर जे शिकलो ते पत्रकं लिहूनच, आणि पत्रकात आग असावी असं माझं मत.

कारखान्याचं मागचं दार कापडाच्या गठ्ठ्यांनी बुजलेलं होतं. काही पेटलं तर चाळीस बायका एकाच अरुंद जिन्यानं उतरणार. तपासणीचे साहेब गुरुवारी येणार होते, म्हणून सोमवारी मी सह्यांसाठी पत्रक काढलं. आमच्या दाराचा फोटो धड येईना. नुसता अंधार आणि गठ्ठे. मग मोबाइलवर फिरणारा एक फोटो घातला. जळकं दार, कडीला कुलूप. खाली लिहिलं, ‘आपल्या कारखान्याचं मागचं दार’.

मावशीनं कागद डोळ्यांजवळ नेला. “हे दार आपलं नाही.”

“दारं सगळी सारखीच, मावशी. तू वाच.”

“आपलं लोखंडी आहे रे. हे लाकडाचं. रोज त्याच्याशेजारी कातर चालवतोस ना?”

बायका हसल्या. माझं डोकं सटकलं. “मालकानं काय दिलं तुला हे बोलायचं?”

हसू थांबलं. मावशीनं चष्मा वर सरकवला. “त्याचा हात द्यायला उठत असता तर तुला पत्रकं कशाला काढावी लागली असती?” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “फोटो ऐकीव, आपल्याकडचा नाही. गठ्ठे पाहिलेले. मी स्वतः रोज पाहते.”

चाळीसपैकी सतरा सह्या झाल्या. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

गुरुवारी साहेब आले. मालकानं गठ्ठे हलवायची तसदीही घेतली नव्हती. माझं पत्रक हाती असताना कशाला घेईल? “बघा साहेब, कुठलाही फोटो उचलायचा नि आमच्या नावावर खपवायचा. अशा यांच्या तक्रारी.” साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

मावशी उठली. “फोटो खोटाच आहे, साहेब. मी सोमवारीच या सगळ्यांना तसं सांगितलंय, विचारा हवं तर.” बायकांच्या माना हलल्या. “दार मात्र खरं आहे. दहा पावलांवर. चला, दाखवते.”

आता न जाऊन साहेब करतात काय.

दोन दिवसांत दार मोकळं झालं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर नोटीस लागली: कामाच्या वेळेत पेपर वाचायचा नाही, आणि एकीचं काम दुसरीनं करायचं नाही. आता जेवणानंतर मावशीही बटणं लावते. बटण सुटतं, ती वाकते, शोधते, पुन्हा धरते. मुकादम बघत उभा असतो.

जिन्यात गाठून मी म्हणालो, “मावशी, चुकलं माझं.”

“माझ्या कानात कशाला सांगतोस?” ती कठड्याला धरून उतरत होती. “सतरा जणींची सही घेतलीस ना त्या दाराखाली? त्यांना सांग. फोटो छापलास तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.”

एवढ्या वर्षांत मी कधी माघारीचं पत्रक लिहिलं नव्हतं. चार ओळींना तीन संध्याकाळी गेल्या. सुट्टीच्या वेळी फाटकात उभा राहून पत्रकं वाटली. दमलेल्या बायका, बहुतेकींनी न बघताच घडी करून पिशवीत टाकली. एक थांबली.

“आता काय नवीन काढलंस?”

“नवीन काही नाही. मागच्यातला फोटो खोटा होता, ते लिहिलंय.”

“ते मावशीनं सांगितलं होतं की,” ती म्हणाली आणि चालू लागली.

हातात अजून बावीस उरली होती. ती संपेपर्यंत मी उभा राहिलो.