कडुलिंबाखाली सांगितलेले व्हिडिओ

आमच्या घरात मैद्याचं पोतं असायचं, पण तो मैदा खायचा नसायचा. फटाक्याच्या कागदी नळ्या चिकटवायला त्याची खळ करायची. कुणी पोटात घालू नये म्हणून कारखान्यातूनच त्यात मोरचूद मिसळून द्यायचे. माझ्या सातवीत वडील गेले. त्या वर्षी पातेल्यात शिजणारी ती निळसर खळ बघून, ही लापशी असती तर, असं किती वेळा वाटलं असेल त्याची गणती नाही.

तेरखेड्यात फटाक्याचं काम नवं नाही. आई शेडवर नळ्यांत दारू भरायची आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवसाच्या नळ्या वळायची. दिवसभर उकिडवी बसून तिची कंबर धरायची. मला एकच करायचं होतं, तिला त्या शेडमधून बाहेर काढायचं. तसं म्हटलं की ती म्हणायची, "तू आधी कॉलेज पुरं कर. मग मला शिकव."

कॉलेज कळंबला, सकाळचं. येरमाळ्याला गाडी बदलून मी दुपारी परत यायचे आणि घरून भाकरी घेऊन शेडवर जायचे. आत जाताना फोन फाटकावरच्या खोलीत ठेवावा लागायचा. काडी नको, फोन नको, अंगावर सुती कपडेच पाहिजेत, असा तिथला नियम. शेडपासून लांब एक कडुलिंब होता, त्याच्याखाली बाया जेवायला बसायच्या. माझं फोनवेड सगळ्यांना ठाऊक होतं. एसटीत दोन तास मी व्हिडिओच बघायचे. बायांच्या हातात दिवसभर फोन नसायचा, म्हणून त्या म्हणायच्या, "काय बघितलंस ते तोंडानं सांग."

मग मी सांगायचे. बँड सुरू झाला की खाली बसणारा नवरदेवाचा घोडा, आणि त्याला उठवायला गूळ शोधत फिरणारे वऱ्हाडी. दुकानात शिरून आरशातल्या शेळीशी भांडणारी शेळी. नुसतं सांगून भागायचं नाही, शेळी करून दाखवावी लागायची. मध्येच शहरातल्या घरांतल्या वस्तू. एकदा मी टाळी वाजवली की लागणाऱ्या दिव्याचं सांगितलं. पुन्हा टाळी वाजवली की तो विझतो.

आईच्या शेजारी बसणारी एक मावशी होती, तोंडाची तिखट. तिनं घास थांबवला. "मंग भजनाच्या टायमाला काय करतो त्यो?"

बाया भाकरी हातात धरून हसत सुटल्या.

"अन् पाणी प्यायची आठवण करणारी बाटली पण निघालीय, मावशी."

"आपल्याला घसा हाय की. त्यांचा काय इकला का?"

आई हसायची, पण विचारायची काही नाही. एकदाच विचारलं. वेताच्या झुलत्या खुर्चीचं मी सांगत होते, तर हळूच म्हणाली, "पाठ टेकायला कशी हाय ती?"

मी बघितलं होतं सगळं, बसले कशावरच नव्हते.

बी.ए. झाले. पुण्याच्या एका वेबसाईटला मराठी लिहिणारं माणूस हवं होतं, घरी बसून करायचं काम. आठवड्याला गमतीचे पाच व्हिडिओ आणि घर सजवायच्या पाच नव्या वस्तू, असं निवडून लिहायचं. चाचणी म्हणून एक यादी मागितली. मी सगळी पदवी पणाला लावून लिहिली. 'आकर्षक रचना', 'दर्जेदार साहित्य', 'आधुनिक जीवनशैलीस अनुरूप'. संपादकबाईंचा फोन आला. "हे तुम्ही लिहिलंय, की खोक्यावरून उतरवून काढलंय?" शेवटी म्हणाल्या, अजून एकदा पाठवून बघा.

मला राग आला. आमच्या घरात असं मराठी लिहिणारं पहिलं माणूस मी, आणि ही बाई त्याला खोकं म्हणते. पण दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली मी नेहमीसारखी बोलत होते, बाया हसत होत्या, आणि माझ्या ध्यानात आलं की त्या यादीतलं एक वाक्यसुद्धा मी इथं म्हटलं नसतं. मावशी उठूनच गेली असती. घरी येऊन मी बोलले तसं लिहिलं. शेळी लिहिली, दिवा आणि मावशीचं भजन लिहिलं. खुर्चीपुढं लिहिलं, 'दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बाईनं आधी पाठ टेकून बघावी, मग घ्यावी.'

फोन आला. "ही भजनवाली मावशी कोण?"

"आमच्या आईच्या शेजारी बसते."

"तिला सोडू नका," बाई म्हणाल्या. काम मिळालं.

पहिल्याच महिन्यात लिहिण्यासाठी म्हणून एक वस्तू घरी आली. काचेच्या ग्लासात मोगऱ्याच्या वासाची मेणबत्ती. आई यायच्या वेळेला मी ती दारातच पेटवली, तिला वास यावा म्हणून. आई उंबऱ्यापर्यंत आली, ज्योत बघितली, मागं सरली आणि अंगणातली भरलेली बादली उचलून माझ्यासकट सगळ्यावर ओतली. काच तडकली.

"अगं, अंगाला दारू हाय माझ्या," ती म्हणाली.

तिची आंघोळ झाल्याशिवाय आमच्या घरात चूलसुद्धा पेटत नसे. मी त्याच घरात वाढले होते, आणि एका देखण्या ग्लासापायी विसरले. ओल्या कपड्यांत बसून मी म्हटलं, "उद्यापासनं तू जायचं न्हाय."

"दिवाळीचा माल निघू दे. मंग बघू."

दिवाळीचा माल निघाला आणि त्यानंतर ती शेडवर गेली नाही.

आता आई दुपारी घरात असते आणि तिला करमत नाही. मी यादी वाचून दाखवते. ती ऐकते आणि म्हणते, "मावशी काय म्हणली असती गं?" आम्ही दोघी ओळखायला बघतो, पण जमत नाही. मावशीची जीभ मावशीकडंच. यादीखाली लोक हसणारे चेहरे टाकतात, पुष्कळ टाकतात, पण त्यातल्या एकालाही हसताना लागलेला ठसका मला ऐकू येत नाही. कधी वाटतं, भाकरी बांधून घ्यावी, फाटकावर फोन द्यावा आणि त्या झाडाखाली जाऊन शेळी करून दाखवावी. पण आत ज्याचं माणूस कामाला, त्यालाच सोडतात. आमचं आता तिथं कुणी नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. दर शुक्रवारी माझी यादी निघते. आईनं दारूचं काम सोडलं, त्याला दोन दिवाळ्या झाल्या.